वावड्या आणि विमाने

दिवाळी आली, दारोदार आकाशकंदील चढले, की माणसांच्या माना आपोआप वर होतात. आणि माना वर झाल्या की आमच्या मोडनिंबात कुणी ना कुणी विमानाचा विषय काढतोच. माढे तालुक्यातले, पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे हे आमचे गाव. बोरांचा हंगाम आला की इथला बाजार फुलतो. विमानाशी त्याचा संबंध तो काय? तरी फराळाच्या ताटावर चकली मोडता मोडता एखादे काका ठणकावून सांगतात, "अरे, विमान का गोऱ्यांनी काढले? आपल्या तळपद्यांनी ते राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे चौपाटीवर उडवून दाखवले होते!" मुले डोळे विस्फारतात, वडील मंडळी माना डोलावतात, आणि सर्वांच्या तोंडावर चकलीइतकेच खमंग समाधान पसरते.

मला त्या समाधानाशी भांडायचे आहे. सणासुदीला भांडण उकरून काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण ज्या घरात मुले जमलेली आहेत त्याच घरात हे भांडण झालेले बरे.

आधी तळपद्यांविषयी. शिवकर बापूजी तळपदे (१८६४-१९१६) हे मुंबईचे, संस्कृताचे व्यासंगी आणि यंत्रांचे वेड असलेले गृहस्थ. हे वेड चांगले. त्या माणसाचा उपमर्द करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या नावावर जी कथा चालते तिच्याशी माझे वाकडे आहे. कथा अशी की, १८९५ साली त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे विनामाणसाचे विमान चौपाटीवरून दीड हजार फूट उंच उडवले आणि ते पाहायला सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे जातीने हजर होते. आता विचार करा. मुंबईची चौपाटी म्हणजे काही आडरान नव्हे. सयाजीरावांसारखा राजा आणि रानड्यांसारखा न्यायाधीश जिथे उभा, तिथे शंभर लोक जमायचेच. असे असून त्या काळच्या वर्तमानपत्रातली एकही खात्रीलायक बातमी कुणाला दाखवता आलेली नाही. "केसरीत आले होते हो!" असे सांगणारे पुष्कळ भेटतात, अंकाची तारीख विचारली की ते पाणी मागतात. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा हवाला दिला जातो, ते बंगलोरच्या भारतीय विज्ञानसंस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली कसून तपासले. त्यातली विमाने उडण्याच्या लायकीची नाहीत आणि तो ग्रंथही विसाव्या शतकाच्या आरंभापलीकडचा नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपद्यांच्या कथेवर हिंदी बोलपटही निघाला. वावडीला असा वारा मिळाला, मग ती खाली कशाला येते!

कुणी म्हणेल, "असू द्या हो. एक गोष्ट आहे, ऐकली आणि सोडून दिली. तिने कुणाचे घोडे मारले?"

मारले आहे, आणि तेच मला सांगायचे आहे. ही गोष्ट रिकाम्या जागेवर बसलेली नाही. ज्या जागेवर ती ऐसपैस मांडी ठोकून बसली आहे, ती जागा दुसऱ्या माणसांची आहे. त्या माणसांना नावे होती, गावे होती. त्यांतला एक तर आपल्या सोलापूरचा, आणि आपल्या आगगाडीच्या रुळांशी हात लागलेला. त्याचे नाव काढल्यावर आमचे काका विचारतात, "तो साखरेचा ना?"

पण त्याच्याकडे जाण्याआधी जरा दूर, युरोपच्या अगदी उत्तरेला चला. तिथे फिनलंड नावाचा देश आहे. १९१७ च्या डिसेंबरात तो रशियाच्या जोखडातून सुटला तेव्हा त्याची वस्ती सारी तीस लाखांच्या आसपास. हा देश आपल्या हवाई दलाचा जन्मदिवस ६ मार्च १९१८ हा मानतो. त्या दिवशी असे काय घडले? तर एरिक फॉन रोझेन नावाच्या एका स्वीडिश सरदाराने वासा या गावी एक विमान आणून भेट दिले. एकच विमान, आणि तेही दुसऱ्याने दिलेले! स्वीडिश सरकारची परवानगी न घेता ते आणले म्हणून मागाहून दंडसुद्धा झाला. इतकी साधी, जवळजवळ ओशाळवाणी सुरुवात. पण फिनिश माणूस ती लपवीत नाही. बरे, उडण्याच्या पुराणकथा त्यांच्याकडे नाहीत असेही नाही. 'कालेवाला' हे त्यांचे महाकाव्य. त्यात गरुडाच्या पाठीवर बसून जाणारा वृद्ध नायक आहे, आणि हत्यारबंद माणसे पंखांवर घेऊन झेप घेणारी पक्षीरूप जादूगारीणही आहे. म्हणजे पुष्पकच म्हणा की! पण हवाई दलाची जन्मतारीख काढायला ते लोक 'कालेवाला' उघडीत नाहीत. काव्य काव्याच्या कपाटात ठेवतात. आणि पुढे काय करतात? १९२१ साली हेलसिंकीसमोरच्या बेटावरच्या किल्ल्यात सरकारी विमान कारखाना काढतात, आणि १९२२ संपायच्या आत तिथे बांधलेले पहिले विमान उडवतात. आराखडा जर्मनांचा होता, तो त्यांनी रीतसर परवाना घेऊन घेतलेला. दानाच्या विमानापासून घरच्या विमानापर्यंत पुरती पाच वर्षेही लागली नाहीत.

आता आपल्याकडे या. आपल्याला किती वर्षे लागली आणि का लागली, हा प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे. पण "आपण १८९५ सालीच उडवले" म्हटल्यावर तो प्रश्न उरतच नाही. तेच तर त्या थापेचे मोठे पाप. आपल्यावर जो अन्याय झाला, तोच ती झाकून टाकते!

पहिल्या महायुद्धाच्या वेळी सम्राटाचे कमिशन हिंदी माणसाला मिळत नसे. विमानदळात अधिकारी व्हायचे तर कातडी गोरी हवी. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या हरदितसिंग मलिकला इंग्रजांनी दारातूनच परत पाठवले. तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका हाकू लागला. फ्रेंच लोक आपल्या विमानदळात घ्यायला तयार झाले तेव्हा त्याचे ऑक्सफर्डचे गुरू इंग्रज सेनापतीला कळवते झाले, की आमच्या प्रजाजनाला परके घेतात आणि आम्ही घेत नाही, ही लाज आहे. मग दार किलकिले झाले. त्या फटीतून चार हिंदी तरुण आत शिरले: मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि श्रीकृष्ण वेलिंगकर.

हा चौथा मुंबईचा. जन्म १८९४ चा, म्हणजे ज्या साली चौपाटीवर 'मरुत्सखा' उडाले म्हणतात त्याच्या आदल्याच सालचा. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला हा मराठी मुलगा तेविसाव्या स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे एकट्याने चालवायचे लढाऊ विमान चालवीत असे. २७ जून १९१८ रोजी तो फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीला गेला आणि परतला नाही. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला आणि ३० जूनला वारला. जर्मन कारकुनांनी त्याचे नाव भलतेच काहीतरी नोंदले, त्यामुळे ते थडगे कुणाचे हे कळायलाही युद्धानंतर काही काळ जावा लागला. आज तो सोम नदीच्या मुलखात हांगार या गावी चिरनिद्रा घेत आहे. वय सारे चोवीस वर्षांच्या आतबाहेर.

मी अनेक घरांत विचारून पाहिले आहे. तळपदे सर्वांना ठाऊक. वेलिंगकर? "ते कॉलेजवाले का?" असे उत्तर येते.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मला तितका पोकळ वाटत नाही. वेलिंगकर लढला तो इंग्रजांच्या गणवेशात, इंग्रजांच्या साम्राज्यासाठी. त्याचे कौतुक आम्ही का करावे? बरोबर आहे, गणवेश इंग्रजांचाच होता. पण "हिंदी माणसाच्या हाती यंत्र टिकत नाही" हे इंग्रजांचे ठरीव वाक्य होते, आणि ते या चौघांनी खोटे पाडले. इंद्रलाल रॉयने १९१८ च्या जुलैत तेरा दिवसांत दहा विमाने लोळवली आणि त्याच महिन्यात, एकोणीस वर्षांच्या वयात, प्राण दिला. त्यानंतर ते वाक्य उघड उच्चारायची सोय राहिली नाही. मग साहेबाने दुसरा, अधिक सभ्य उपाय काढला: समिती! १९२५ साली स्कीन समिती नेमली. हवाई दलातही हिंदी तरुण घ्यावेत असे तिने सुचवले. त्यानंतर १९३० साली कुठे सहा मुले क्रॅनवेलच्या विद्यालयात पोचली, आणि ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी हवाई दल कागदावर जन्मले. चौघांच्या पराक्रमापासून या कागदापर्यंत चौदा वर्षे गेली. एवढ्या अवधीत तिकडे फिनलंडचा कारखाना कधीच विमाने बांधू लागला होता.

कागदावरचे दल जमिनीवर आले ते १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीच्या द्रिघ रोड तळावर. हा तळ वाचकांनी ध्यानात ठेवावा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाची पिशवी घेऊन मुंबईला निघाले तेही इथूनच. दल म्हणजे काय, तर वापिटी जातीची चार विमाने. दोन पंखांची, कापडाने मढवलेली, डोक्यावर छप्पर नाही. वापिटी हे अमेरिकेतल्या एका हरणाचे नाव. पण चपळाईत त्या हरणाला लाज वाटावी असे ते विमान. वैमानिक पाच: सरकार, सुब्रतो मुकर्जी, भूपेंद्रसिंग, आवान आणि अमरजितसिंग. सहावे टंडन, विमान चालवायला त्यांचे पाय आखूड पडले म्हणून त्यांच्याकडे सामानसुमान आले. नायक अर्थातच इंग्रज. पहिल्याच वर्षी भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग अपघातात गेले. पाचांतले दोन! एखाद्या घरात असे झाले असते तर लोक म्हणाले असते, मुहूर्त चुकला, हा उद्योगच सोडा. उरलेल्यांनी तो सोडला नाही. मुकर्जी १ एप्रिल १९५४ रोजी, बरोबर एकवीस वर्षांनी, त्याच दलाचे पहिले हिंदी सरसेनापती झाले.

या सहा अधिकाऱ्यांबरोबर मूठभर 'हवाई सिपाही' होते. हा शब्द मला फार आवडतो. इंजिन उघडणारे, तारा ताणणारे, कापड शिवणारे हे कामगार. यांची नावे तर इतिहासकारही घेत नाहीत. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी फौजा ब्रह्मदेशात पुढे सरकत होत्या तेव्हा मजुमदार यांच्या नायकत्वाखाली आपली पहिली स्क्वॉड्रन तिथे होती. हाती लायसँडर विमाने. ती टेहळणीची, बाँब टाकण्यासाठी नेमलेली नव्हेत. तळावरच्या माणसांनी खटपट करून त्यांना बाँब जोडले आणि त्याच संथ विमानांनी सयामच्या हद्दीतल्या जपानी तळावर हल्ले केले. आज पहाटे आमच्या हमरस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणारी जी पोरे दिसतात, त्यांतली निम्मी पुढे अशीच यंत्राच्या पोटात हात घालणार आहेत. त्यांना 'मरुत्सखा' काय शिकवणार? पारा घातला की विमान उडते, हे?

आता आपल्या सोलापूरच्या माणसाकडे येतो.

मोडनिंबच्या म्हाताऱ्या माणसांना बार्शी लाइट आठवत असेल. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी कुर्डुवाडीहून निघून मोडनिंबवरून पंढरपूरला जायची, आणि आषाढीला तिच्या टपावर आत बसलेल्यांपेक्षा अधिक वारकरी असायचे. ती लाइन आता रुंद झाली. याच बार्शी लाइटच्या बार्शी ते येडशी या तुकड्याच्या बांधकामाचा मक्ता या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी एका विशीतल्या तरुणाने घेतला होता. भागीदार होते रेल्वेत काम केलेले लक्ष्मणराव फाटक. तरुणाचे नाव वालचंद हिराचंद दोशी, जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. घर कापसाच्या आणि सावकारीच्या व्यापारातले. मुरुमाच्या टोपल्या मोजण्यापासून ज्याच्या धंद्याला सुरुवात झाली, त्याने १९१९ साली सिंदिया कंपनीतून जहाजे काढली, आणि १९४० साली विमानाचा कारखाना काढला.

तो कसा, ते ऐका. १९३९ च्या सुमारास वालचंद पॅसिफिक महासागर ओलांडीत होते. त्याच विमानात पॉली नावाचा अमेरिकन सहप्रवासी भेटला. हा चिनी सरकारसाठी विमानांचा कारखाना चालवीत होता. दुसरा कुणी असता तर हवापाण्याच्या गप्पा मारून झोपी गेला असता. वालचंदांनी विचारले की हिंदुस्थानात असा कारखाना निघेल काय. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगलोरला जमीन आणि भांडवलाचा वाटा देऊ केला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. १९४१ च्या जुलैत तिथे जुळवलेले पहिले हार्लो जातीचे विमान बाहेर पडले. म्हणजे नोंदणीपासून सात महिन्यांत! सुटे भाग अमेरिकेतून आले होते हे खरे, आणि ते मी लपवणार नाही. फिनलंडचाही आराखडा जर्मनांचाच होता. पण घरी आणून जुळवायला, मोडायला, पुन्हा जुळवायला जो हात बसतो, तो हात इथे बसू लागला.

आणि मग? जपान दाराशी आल्यावर १९४२ च्या एप्रिलात सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. पुढच्या वर्षी तो अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीचे कोठार झाला. युद्धाची निकड होती, असे म्हणतात. असेलही. पण जो देश शतकभर ऐकत आला की तुमच्यात उद्योगाची धमक नाही, त्याच्या एका माणसाने धमक दाखवल्यावर कारखाना दीडच वर्षात त्याच्या हातून जावा, याला काय म्हणावे? आणि याची चीड आमच्या फराळाच्या बैठकीत कधी ऐकू येते काय? येत नाही, कारण चीड यायला आधी गोष्ट ठाऊक लागते.

वालचंदांविषयी कुणी नाक मुरडील, की व्यापारी माणूस, नफ्यासाठी केले. केले असेल. नफा नको असलेल्या माणसांनी किती विमाने बांधली, ते मला दाखवा.

आणखी एक नाव. गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्याकडे वायुगतिशास्त्र शिकून १९३६ साली डॉक्टर होऊन आलेले आपल्या मराठी मुलखातले विष्णू माधव घाटगे. ते वालचंदांच्या कारखान्यात गेले. पुस्तकात 'होते' असे लिहिणे सोपे. या गृहस्थांनी पंखाचा दाब, शेपटीचे वजन, सारे गणिताने काढून आराखडा केला. एचटी-२ हे वैमानिकांच्या शिक्षणाचे विमान त्यांचे. आपल्या हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर उडायला शिकल्या. मराठी माणूस आणि विमान अशी जोडी लावायचीच असेल तर ही घ्या. हिच्यात प्रत्येक खिळ्याचा हिशेब देता येतो.

माझी मागणी लहान आहे. दर ८ ऑक्टोबरला शाळांतून वायुसेना दिन होतो, भाषणे होतात. त्या दिवशी मोडनिंबच्या फळ्यावर चार वापिटी काढा, वेलिंगकरचे नाव लिहा, बार्शी-येडशीचा रूळ काढून त्याच्या दुसऱ्या टोकाला बंगलोर दाखवा. तळपद्यांचे नावही लिहा, माझी ना नाही. फक्त त्यापुढे "असे सांगतात" हे दोन शब्द घाला. एवढ्याने कुणाच्या अभिमानाला धक्का बसत असेल तर तो अभिमान वर्तमानपत्राच्या कागदाच्या पतंगासारखा आहे. पहिल्या सरीलाच त्याची लापशी व्हायची.

घाटग्यांचे एचटी-२ बंगलोरहून पहिल्यांदा उडाले ते ५ ऑगस्ट १९५१ रोजी. वालचंद तेव्हा हयात होते. १९४९ साली त्यांना पक्षाघात झाला होता आणि सारे उद्योग त्यांनी पुढच्यांच्या हाती सोपवले होते. बंगलोरच्या कारखान्यात त्यांचा एक रुपयाही उरला नव्हता. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले. त्यांच्या कारखान्यात बांधलेल्या त्या विमानावर पुढे वर्षानुवर्षे कोवळी पोरे शिकत राहिली. शिकताना आपटत, सावरत, पुन्हा उडत.